हायवेच्या कामावर माती वाहून जातेय? या चुका टाळा

"जूनला अजून वेळ आहे की" असं कोण साईटवर म्हणालं की समजायचं, यंदा पण ओढा लाल होणार. सगळे मृगाची वाट बघतात, पण पहिली माती नेतो तो वळीव. एप्रिल-मे मध्ये तासभरच येतो पण असा झोडपतो की कालच टाकलेला सैल मुरूम सकाळी शेजारच्या उसात सापडतोय. म्हणून माती अडवायची सोय भराव टाकायच्या आधी करायची, नंतर नाही. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये क्लॉज ३०६ अख्खा यावरच आहे, पण तो उघडतात बिल अडकल्यावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदम लांबलचक पट्टा उघडा करून ठेवायचा, कारण पोकलेन भाड्यानं आलाय मग बसून कशाला ठेवायचा. पावसाआधी जेवढ्याचं दाबून, उतार झाकून होतंय तेवढंच उघडा बाबांनो. वरची सुपीक माती काढून ठेवता तो ढीग पण ओढ्याच्या काठाला नको, उतारावर गवत लावताना तीच लागणार आहे.

दुसरं, हिरवी शेडनेट बांबूला बांधली म्हणजे सिल्ट फेन्स (गाळ अडवायचं कापडी कुंपण) होत नाही, तो फक्त फोटोपुरता खेळ. फेन्सचं कापड वेगळं येतं, खालची कड साधारण १५ सेंटीमीटर चरात गाडून वर माती धुम्मस करायची नाहीतर पाणी सरळ खालनं जातंय. खुंट्या उताराच्या खालच्या अंगाला, कापड वरच्या अंगाला, आणि दोन्ही टोकं चढाकडं वळवलेली, नाहीतर पाणी कडेनं वळसा घालून जाणार. ओढ्यात आडवी तर कधीच लावू नका, पहिल्या लोंढ्यात जाते. तिथं दगडाचे छोटे बांध घाला आणि मधला भाग कडेपेक्षा खोलगट ठेवा, सपाट ठेवला तर पाणी बाजूचा काठ फोडून वाट काढतंय. फेन्समागं गाळ एक तृतीयांश उंचीला आला की काढायचा, आणि काढलेला परत उतारावर ओतायचा नाही (हे पण सांगावं लागतंय).

भरावाला रेनकट, म्हणजे पावसाच्या पाण्यानं कापलेल्या घळी, पडलेत? बहुतेक ठिकाणी जेसीबीनं वरनं मुरूम ढकलून बुजवतात आणि पुढच्या पावसात तोच मुरूम परत खाली. आधी वर जाऊन बघा पाणी कुठनं उतरतंय ते. रस्त्याच्या कडेला मातीचा छोटा बांध घालून पाणी एका जागी आणा, तिथनं पक्क्या पन्हाळीनं खाली सोडा, पायथ्याला दगड टाका. मग रेनकटमध्ये घट्ट मातीपर्यंत पायऱ्या कापून थराथरानं दाबत वर या. वेळ लागतोय, पण एकदाच लागतोय.

उतार झाकायला आपल्या कोल्हापूरकडं उसाचं पाचट फुकट पडलंय, तोडणी झाली की लोक पेटवून देतात. पसरून वरनं काथ्याची जाळी खुंटीनं ठोका, गवत धरेपर्यंत चालतंय. नुसतं पसरलं तर वाऱ्यानं आणि पाण्यानं रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसतंय, मग मोरी तुंबते आणि भराव फुटतो.

गगनबावडा, आंबा घाटाकडची गोष्ट वेगळी. तिथला पाऊस आणि जांभ्याखालची मऊ माती बघता कटिंगच्या (डोंगर कापलेल्या भागाच्या) डोक्यावरचा चर कच्चा ठेवणं म्हणजे दरडीला पाणी पाजणं. अस्तर करा, शेवट पक्क्या नाल्यात न्या.

एवढं करूनही खाली पाणी गढूळच जातंय म्हणून फेन्सवाल्याला शिव्या घालण्याआधी काचेची बाटली भरून ठेवा. तासाभरात तळाला गाळ बसला तर बारीक वाळू किंवा जाडसर गाळमाती (सिल्ट) आहे, गाळाचा खड्डा मोठा करा आणि बाहेर पाणी वरच्या पातळीवरनं सोडा, तळातनं नको. दुसऱ्या दिवशी पण तसंच गढूळ असेल तर चिकणमाती आहे, शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात हे हमखास. तिथं फेन्स वाढवून उपयोग नाही, उघडी जमीनच झाका. नाहीतर तो गाळ खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला जाऊन बसणार आणि शेतकरी तुमच्या साईट ऑफिसला.