क्लॉज ओळखायचा तर आधी क्रियापद शोधा

इंग्रजी व्याकरणातला क्लॉज, म्हणजे स्वतःचं क्रियापद असलेला वाक्याचा भाग, शिकताना मुलं जोडशब्दांची यादी पाठ करतात. 'दॅट' आला की नाऊन क्लॉज (नामाचं काम करणारा), 'हू' किंवा 'विच' आला की अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषणाचं), 'व्हेन' किंवा 'व्हेअर' आला की अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषणाचं). गोंधळ इथूनच सुरू होतो. क्लॉज आहे की नाही हे क्रियापद सांगतं आणि त्याचा प्रकार त्याचं वाक्यातलं काम सांगतं. जोडशब्द फक्त खूण दाखवतो.

म्हणून पेन्सिल घ्या आणि काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. नुसतं 'टू गो' किंवा 'गोइंग' मोजायचं नाही, त्यांना स्वतःचा काळ नसतो. 'हॅज बीन वर्किंग' मात्र तीन शब्दांचं असलं तरी क्रियापद एकच. जितक्या रेघा तितके क्लॉज. 'आफ्टर फिनिशिंग द वर्क, शी वेंट होम' यात एकच रेघ पडते. 'आफ्टर शी फिनिश्ड द वर्क, शी वेंट होम' यात दोन. 'आफ्टर' दोन्हीकडे आहे, पण क्लॉजची सुरुवात तो फक्त दुसऱ्या वाक्यात करतो.

आता मुख्य कोणता आणि गौण कोणता ते ठरवा. 'आफ्टर शी फिनिश्ड द वर्क' एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट बघतो, म्हणजे तो गौण. एक भाग झाकून उरलेला वाचायची पद्धत बऱ्याचदा चालते, पण नाऊन क्लॉजपाशी फसते. 'व्हॉट ही सेड इज ट्रू' यातला गौण भाग झाकला तर हातात नुसतं 'इज ट्रू' उरतं, कारण तो भागच मुख्य वाक्याचा कर्ता आहे. अशा वेळी त्या जागी 'समथिंग' घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर बहुधा तो नाऊन क्लॉज.

प्रकार ओळखायला 'व्हेअर'ची तीन वाक्यं शेजारी ठेवा. 'आय नो व्हेअर ही लिव्हज' यात काय माहीत आहे, याचं उत्तर मिळतं, म्हणून नाऊन. 'धिस इज द हाउस व्हेअर ही लिव्हज' यात कोणतं घर ते कळतं, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. 'स्टे व्हेअर यू आर' यात कुठे थांबायचं ते कळतं, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. 'दॅट'चंही तेच. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' यात 'दॅट'च्या जागी 'विच' चालतो, तो अ‍ॅडजेक्टिव्ह. 'द न्यूज दॅट ही पास्ड' यात चालत नाही. बातमी काय, तेच हा क्लॉज सांगतो, म्हणून तो नाऊन.

कधी जोडशब्द लपलेला असतो. 'द बुक आय बॉट इज लॉस्ट' यात रेघा दोन, पण जोडशब्द दिसत नाही. 'बुक'नंतर लगेच 'आय' आला की मध्ये 'दॅट' आहे असं समजा. तो कर्माच्या जागी असतो म्हणून गाळता येतो. कर्त्याच्या जागचा गाळता येत नाही, म्हणून 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल' चूक. आपल्याला हे अवघड जातं कारण मराठीत 'मी घेतलेलं पुस्तक', 'काल आलेला माणूस' असं धातुसाधित वापरून काम भागतं. तिथे इंग्रजी सहसा अख्खा क्लॉज उभा करते.

मराठीतून सरकणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'जरी'बरोबर 'तरी' येतो, म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' लिहिलं जातं. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवा. 'जो'ला 'तो' लागतो, म्हणून 'द मॅन हू केम, ही इज माय अंकल' होतं. त्यातला 'ही' काढा. 'द बुक दॅट आय बॉट इट' मधला 'इट'ही असाच जास्तीचा. 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' हे चूक, कारण प्रश्न क्लॉजच्या आत गेला की कर्ता आधी येतो: 'व्हेअर आय वॉज गोइंग'. आणि अट सांगणाऱ्या 'इफ'च्या क्लॉजमध्ये भविष्याची गोष्ट असली तरी सहसा 'विल' येत नाही, 'इफ इट रेन्स' म्हणायचं.

स्वल्पविरामाकडे मात्र नीट बघा. 'माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे' म्हटलं तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला पुण्याचा कोणता ते क्लॉज सांगतो. तोच क्लॉज दोन स्वल्पविरामांत घातला तर भाऊ एकच, आणि तो पुण्यात राहतो ही जास्तीची माहिती.