थंडीत गोल्फ खेळताना कपड्यांचे थर
स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्रकाठच्या मैदानावर जानेवारीत खेळायचे असेल, तर एका जाड कोटाऐवजी तीन पातळ थर घालावेत, कारण जाड कपड्यात खांदे अडकतात आणि स्विंग, म्हणजे फटक्यासाठी काठी फिरवण्याची हालचाल, अपुरा राहतो. अंगालगत सुती बनियन मात्र मुळीच नको. चालून आलेला घाम त्यात मुरतो आणि पुढच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, थांबताच पाठ गार पडते. त्याऐवजी मेरिनो लोकरीचा अंगाबरोबर बसणारा थर, त्यावर पातळ स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट असावे. हे जॅकेट विकत घेण्यापूर्वी दुकानातच घालून, दोन्ही हात पूर्ण मागे नेऊन पाहावेत. दोन फटक्यांच्या मधल्या वेळात जाड हातमोजे चढवावेत, कारण बोटे बधिर झाली की पटिंगमधला, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलतानाचा, हलका स्पर्श हरवतो.