सारखे दिसणारे हॉक मॉथ वेगळे कसे ओळखायचे

हॉक मॉथ (पतंगांचे एक कुळ) बसला की मागचे पंख पुढच्या पंखांखाली झाकले जातात, आणि नेमकी खूण बरेचदा तिथेच किंवा पोटावर असते. त्यामुळे नुसता वरून काढलेला फोटो पुरत नाही. वरून, बाजूने आणि जमल्यास खालून फोटो घ्या. एकात शेजारी मोजपट्टी ठेवा. मग मऊ, बारीक ब्रशने पुढचा पंख अलगद पुढे सरकवा. पहाटेच्या गारव्यात पतंग सुस्त असतो, तेव्हा हे साधते. पंख थरथरू लागले की तो उडण्यासाठी अंग तापवतोय; तिथेच थांबा. बळजबरी केली तर खवले झडतात आणि खूणच जाते.

पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या अॅकेरोन्शिया या प्रजातीच्या (genus) तीन जाती (species) आहेत. मागच्या पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग असेल तर ती लॅकेसिस. बूड पिवळे आणि पुढे दोन गडद पट्टे असतील तर स्टिक्स किंवा अॅट्रोपॉस. या दोघी पश्चिम आशियात एकत्र सापडतात, तिथे गोंधळ होतो. पुढच्या पंखाच्या मध्यावरचा बारीक ठिपका अॅट्रोपॉसमध्ये पांढरट, स्टिक्समध्ये नारिंगी असतो. खात्रीसाठी पुढच्या पंखाची खालची बाजू बघा: अॅट्रोपॉसला मध्ये एक पट्टा, स्टिक्सला दोन. कवटीच्या आकारावरून मात्र काही ठरवू नका.

थेरेट्राचे काम सोपे. पोटाच्या पाठीवर चंदेरी रेघ एकच असेल तर सिल्हेटेन्सिस, जोडरेघ असेल तर ओल्डनलँडिए.

हिरव्या डॅफ्निसमध्ये पुढच्या पंखाच्या टोकाशी छोटा पांढरा ठिपका शोधा. तो हायपोथसला असतो, कण्हेरीवर वाढणाऱ्या नेरीला नसतो. हिरव्या छटेवर विसंबू नका. जुन्या पतंगाचा रंग विटतो आणि फ्लॅशही तो बदलून टाकतो.

पारदर्शक पंखांच्या हेमॅरिसमध्ये पंखाची किनार रुंद, तांबूस असेल तर फ्युसिफॉर्मिस; अरुंद आणि काळपट असेल तर टिटियस. कोषातून नुकत्याच निघालेल्याचे पंख खवल्यांनी धुरकट दिसतात. ते खवले पहिल्या उड्डाणातच गळतात, म्हणून असा पतंग वेगळ्या जातीचा समजू नका.

मॅक्रोग्लॉसमच्या कित्येक जाती फोटोवरून सुटतच नाहीत. जननांगे तपासावी लागतात. तिथे नोंदीत जात न लिहिता फक्त मॅक्रोग्लॉसम हे प्रजातीचे (genus) नाव लिहिणेच योग्य.