मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस : आधी आकृती, मग आकडेमोड

एका चलाचे कॅल्क्युलस चांगल्या गुणांनी पूर्ण करून आलेल्या विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमाचे पहिले काही आठवडे सोपे वाटतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह काढताना एक चल सोडून बाकी सगळी स्थिर मानायची आणि जुनेच नियम वापरायचे, एवढेच तेव्हा करायचे असते. हा विषय शिकताना आणि पुढे मागच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिकवताना माझ्या ध्यानात आले ते असे, की सूत्रे बहुतेकांना येतात; अडते ते आपण कोणत्या प्रदेशावर काम करत आहोत हे डोळ्यांसमोर नसल्यामुळे.

याची पहिली चुणूक लिमिटच्या प्रकरणात मिळते. संख्यारेषेवर एखाद्या बिंदूकडे डावीकडून किंवा उजवीकडूनच येता येते, प्रतलावर मात्र वाटा अगणित असतात. एक्स आणि वाय यांच्या गुणाकाराला त्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागणारे फंक्शन घ्या आणि आरंभबिंदूवर त्याची किंमत शून्य माना. दोन्ही अक्षांवरून आल्यास लिमिट शून्य येते, पण वाय बरोबर एक्स या रेषेवरून आल्यास ते १/२ येते. म्हणजे लिमिट अस्तित्वातच नाही. तरीही त्या बिंदूवर दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात आहेत आणि दोन्ही शून्य आहेत! डेरिव्हेटिव्ह आहे म्हणजे फंक्शन सलग आहेच, हा मागच्या वर्षीचा भरवसा इथे संपतो. हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

ग्रेडियंट, म्हणजे सगळ्या पार्शल डेरिव्हेटिव्हचा मिळून होणारा सदिश, समजण्यासाठी समोच्च रेषांच्या नकाशाइतके चांगले साधन मला सापडले नाही. फंक्शनची किंमत जिथे सारखी राहते त्या रेषा काढल्या, की ग्रेडियंट त्यांना काटकोनात असतो आणि किंमत सर्वांत वेगाने जिकडे वाढते तिकडे रोखलेला असतो, हे दिसू लागते. मग एखादे बंधन पाळून कमाल-किमान किंमत शोधण्याची लाग्रांजची पद्धतही पाठ करावी लागत नाही : बंधनाच्या वक्रावर कमाल किंवा किमान किंमत मिळते तिथे तो वक्र सर्वसाधारणपणे एका समोच्च रेषेला स्पर्श करतो, म्हणून फंक्शनचा आणि बंधनाचा असे दोन्ही ग्रेडियंट एकाच रेषेत येतात. कमाल की किमान हे ठरवणारी सेकंड डेरिव्हेटिव्हची कसोटी यांत्रिक आहे. ती सरावाने बसते, तिच्यावर फार वेळ घालवू नये.

वेळ घालवावा तो डबल इंटिग्रलवर, म्हणजे प्रतलातील प्रदेशावर दोन टप्प्यांत घ्यायच्या इंटिग्रलवर. समजा, आतल्या इंटिग्रलमध्ये वाय हा एक्सपासून १ पर्यंत जातो, बाहेरच्यात एक्स हा ० पासून १ पर्यंत जातो आणि आत ई या संख्येचा वाय-वर्ग हा घात आहे. नेहमीच्या फंक्शनांच्या भाषेत या घाताचे अँटिडेरिव्हेटिव्ह लिहिताच येत नाही, त्यामुळे सरळ सुरुवात करणारा पहिल्याच पायरीवर थांबतो. प्रदेश काढून पाहिला तर तो (०,०), (०,१) आणि (१,१) हे शिरोबिंदू असलेला त्रिकोण निघतो. त्याचे उभ्याऐवजी आडवे काप घेतले, की एक्स ० पासून वायपर्यंत आणि वाय ० पासून १ पर्यंत जातो. आतले इंटिग्रल केल्यावर वाय हा गुणक बाहेर येतो आणि उत्तर (ई − १)/२ असे दोन ओळींत मिळते. क्रम बदलताना सीमांची नुसती अदलाबदल करणे हा परीक्षेत सर्वाधिक दिसणारा दोष आहे. बाहेरच्या इंटिग्रलच्या सीमेत चल उरले असेल, तर पुढे जाण्यापूर्वी आकृतीकडे परत जावे.

पोलर निर्देशकांत (बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर आर आणि कोन थीटा) येणारा आर हा जादा गुणक का येतो, हे एकदा स्वतः काढून पाहावे : केंद्रापासून दूर गेल्यावर तेवढ्याच कोनात मोठा तुकडा बसतो. शंका आल्यास एकक त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावे. गुणक विसरल्यास ते π ऐवजी २π येते. गोलीय निर्देशकांत थीटा आणि फाय या कोनांचे अर्थ गणिताच्या व भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा उलट असतात, म्हणून दोन पुस्तके शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्याने आधी त्यांतील आकृत्या ताडून पाहाव्यात.

ग्रीन, स्टोक्स आणि गाउस यांची प्रमेये सत्राच्या अखेरीस, घाईच्या दिवसांत येतात. त्यांपैकी स्टोक्सचे प्रमेय १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या प्रश्नपत्रिकेत सिद्ध करण्यासाठी विचारले गेले होते, तेव्हा ते अवघड वाटण्यात कमीपणा नाही. तिन्ही प्रमेयांचा गाभा एकच आहे : प्रदेशाच्या आत डेरिव्हेटिव्हची केलेली बेरीज आणि त्याच्या सीमेवरील हिशोब समान असतात. एका चलाच्या कॅल्क्युलसमधील मूलभूत प्रमेयातही तोच आहे; तिथे सीमा म्हणजे संख्यारेषेवरील तुकड्याची दोन टोके असतात, ग्रीनच्या प्रमेयात बंद वक्र, स्टोक्सच्या प्रमेयात पृष्ठभागाची कड आणि गाउसच्या प्रमेयात घनाला वेढणारा पृष्ठभाग. प्रत्येक उदाहरणात प्रथम सीमा बंद आहे का आणि तिची दिशा कोणती, हे लिहून काढावे. ग्रीनच्या प्रमेयात प्रदेश डाव्या हाताला ठेवून वक्रावरून फिरायचे असते, आणि प्रदेशात भोक असेल तर त्या आतल्या कडेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. ही दिशा चुकली, तर बाकी सारे बरोबर असूनही चिन्ह उलटे येते.