मूसच्या शिकारीत नवखा कुठे चुकतो: शून्याचे दिवस

मूस म्हणजे उत्तरेकडचं थोराड हरीण. स्वीडनमध्ये शिकारीची परीक्षा पास झालात, एखाद्या गटाने सामावून घेतलं, रायफल कपाटात कुलूपबंद आहे, हे धरून चालू. ८० मीटरवरचं धावतं लक्ष्य चुकतंय म्हणून धसका घेऊ नका, ते सरावाने जमतं. नवख्याचं घोडं अडतं ते वहीत.

हंगामाच्या सुरुवातीच्या दिवसांत गट नोंद ठेवतो: किती माणसं, किती तास, किती नर, माद्या, पाडसं दिसली. दिसलेले मूस भागिले माणूस-तास, एवढंच गणित. आठ जण सहा तास बसले तर ४८ माणूस-तास. जेवणाची सुट्टी वजा करायची, उशिरा आलेल्याचे तास कमी धरायचे, कुत्रा घेऊन फिरणाऱ्याचे मात्र धरायचे. तोच मूस दोन जागांवरून दिसल्याची खात्री असेल तर तो एकच. मारलेलेही दिसलेल्यांतच येतात.

आता खरी मेख. काहीच दिसलं नाही त्या दिवशी वही उघडायचा कंटाळा येतो. समजा पाच दिवस, रोज ४८ तास, म्हणजे २४० तास. त्यात दोनच दिवशी सहा-सहा मूस दिसले. खरा आकडा १२ भागिले २४०, म्हणजे ०.०५. तुम्ही फक्त ते दोन दिवस लिहिलेत तर १२ भागिले ९६, म्हणजे ०.१२५. जंगलात प्राणी तेवढेच, कागदावर मात्र अडीचपट! असे दहा गट झाले की कोटा (किती मूस मारायचे तो आकडा) वाढतो आणि फटका तीन-चार वर्षांनी बसतो, तेव्हा कारण कोणालाच आठवत नाही. उलटंही होतं: कोटा कमी व्हावा म्हणून दिसलेले मूस लिहायचेच नाहीत. हा शहाणपणा नाही, लबाडी आहे. आणि एका गटाच्या आकड्यावरून 'मूस वाढले' असं कधीच म्हणू नका. विश्वासार्ह निष्कर्षाला क्षेत्रभरातले सुमारे ५,००० माणूस-तास लागतात.

हे आकडे जातात व्यवस्थापन गटाकडे. २०१२ पासून ही रचना आहे, जमीनमालकांचे आणि शिकाऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात, योजना तीन वर्षांची. मालकांना चिंता मूस खातात त्या पाइनच्या कोवळ्या रोपांची, शिकाऱ्यांना मूसची. १९८२ साली देशात वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात मूस मारले गेले, आता त्याहून खूप कमी. 'आमच्या वेळी असं होतं' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या आठवणीतला भरगच्च काळ बहुधा तोच. त्याच्याकडून जंगल शिका, गणित शिकू नका. गुरू निवडायचा तर ज्याची जुनी वही अजून शाबूत आहे तो.

दुसरी पडताळणी विष्ठेची. बर्फ वितळल्यावर, गवत वर यायच्या आत, ५.६४ मीटर त्रिज्येची वर्तुळं घ्यायची, म्हणजे प्रत्येकी १०० चौरस मीटर. शरद ऋतूत गळलेल्या पानांच्या वर पडलेले ढीगच मोजायचे, पानांखालचे जुने. सरासरी वर्तुळामागे ०.२ ढीग म्हणजे हजार हेक्टरला २०,०००. पानगळीपासून २०० दिवस आणि एका मूसचे दिवसाला १४ ढीग धरले की २,८०० ने भागा: हजार हेक्टरला सुमारे सात मूस. १४ हा ठोकताळा आहे, त्यामुळे साताला देववाणी समजू नका, वर्षागणिक कल बघा.

प्रत्यक्ष शिकारीत क्रम एकच: आधी पाडस, मग मादी. मादी गेली तर मागे उरलेलं पाडस हिवाळ्यात टिकणं कठीण. दोन पाडसं असतील तर एक मारून दुसरं आईकडे ठेवणं चांगलं. पाडस आहे का हे दिसत नसेल तर गोळी झाडायचीच नाही, मग गटातले काहीही म्हणोत.

गोळी लागूनही मूस जागचा हलत नाही किंवा शांतपणे चालू लागतो, ते नेहमीचंच, घाबरू नका. लगेच मागे धावू नका. तो कुठे उभा होता तिथे फांदी रोवा, केस आणि रक्त बघा. फिकट, फेसाळ रक्त फुफ्फुसाचं. रक्त हिरवट असेल, आंबूस वास आला तर पोट फुटलंय, त्याला पडायला वेळ द्या. पण थांबायचं म्हणजे स्वस्थ बसायचं नाही: माग काढणारा कुत्रा दोन तासांच्या आत तिथे पोहोचू शकला पाहिजे, हा नियम आहे. म्हणून त्याच्या मालकाचा फोन नंबर शिकारीच्या आदल्या रात्रीच खिशात हवा.