मत्स्यालयाच्या होर्डिंगची पूर्वतयारी : एकदा येऊन गेलेल्यांसाठी

सांगली-मिरज-कुपवाड परिसरातल्या मत्स्यालयाला मोठा प्रेक्षक याच तीन शहरांतून मिळणार, आणि त्यातले बरेच लोक ‘आमचे पाहून झाले आहे’ असे म्हणणारे असणार. होर्डिंग त्यांच्यासाठी लावायचे असेल, तर तयारीची सुरुवात टाक्यांपासून करावी. मागच्या सुट्टीनंतर आत काय बदलले, हे माशांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून एका वाक्यात लिहून घ्यावे; असे वाक्य मिळत नसेल, तर फलकाचा खर्च पुढे ढकलावा.

डिस्कस माशांचे उदाहरण घ्या. त्यांची पिल्ले पोहू लागली की सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात आणि त्यांच्या अंगालगत झुंडीने फिरतात. हे दृश्य पाहायला आधी येऊन गेलेले मूलही हट्ट धरील. परंतु डिस्कसची जोडी पुष्कळदा स्वतःचीच अंडी खाऊन टाकते, म्हणून अंडी दिसताच फ्लेक्स छापायला देऊ नये. पिल्ले तगली आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि काही आठवड्यांत संपणाऱ्या अवस्थेचे आश्वासन महिनाभर टांगून ठेवू नये. ‘डिस्कसला पिल्ले झाली, वाढताना पाहा’ हा मजकूर फलक उतरेपर्यंत खरा राहतो.

मजकूर ठरला की अक्षरांचा हिशेब करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. वाचायला पाच सेकंद द्यायचे, तर वाचन ५५ मीटरवरून, म्हणजे सुमारे १८० फुटांवरून सुरू व्हायला हवे. दर दहा फुटांना एक इंच हा ठोकताळा धरल्यास अक्षर दीड फूट उंच लागते. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागा वेगळी सोडावी लागते, त्यामुळे २० बाय १० फुटांच्या फलकावर छायाचित्रासह दोन ओळींहून अधिक मजकूर बसवण्याचा आग्रह धरू नये. बारीक रेषेचा फॉन्ट टाळावा, कारण लांबून अनुस्वार आणि मात्रा सर्वांत आधी नाहीशा होतात. नमुना कागदावर काढून भिंतीला लावावा आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसाला लांबून वाचायला सांगावे. मासा एकच, मोठा आणि पार्श्वभूमीहून उठून दिसणारा असावा. निळ्या पाण्यावर निळा मासा हरवतो. छायाचित्र घेण्यापूर्वी काच आतून-बाहेरून पुसावी आणि फ्लॅश बंद ठेवावा.

जागा निवडताना केवळ गर्दी पाहू नये. सायंकाळी सांगलीच्या बाजारपेठेतून विश्रामबाग किंवा मिरजेकडे परतणारे कुटुंब पूर्वेकडे जात असते. त्यांना दिसणारी पश्चिमाभिमुख बाजू मावळतीच्या उन्हात उजळते, तर उलट दिशेने येणाऱ्यांच्या डोळ्यांवर सूर्य येतो. रविवारचा बेत घरात शनिवारी संध्याकाळी ठरतो, म्हणून परतीची बाजू थोडे जास्त भाडे देऊनही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी जिथवर चढते, त्या भागातली जागा मात्र घेऊ नये.

परवानगीचे काम एजन्सीवर सोडून निर्धास्त राहू नये. खासगी जागेवरील होर्डिंगलाही महापालिकेची परवानगी लागते. तिची आणि सांगाड्याच्या स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत मत्स्यालयाच्या दप्तरी असावी व दोन्हींची मुदत तपासावी. आपल्या जाहिरातीचा हंगाम म्हणजे मे महिन्याची सुट्टी, आणि वळवाच्या वादळाचाही तोच काळ. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे अशाच वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ज्या सांगाड्याखाली लोक थांबतात, तो आपण स्वतः जाऊन पाहिलेला असावा.

फलक चढण्यापूर्वी निदान चार आठवडे तिकीट खिडकीवर ‘यापूर्वी आला होता का?’ एवढे विचारून नोंदवही ठेवावी, नाहीतर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? फलक लागल्यावर याच प्रश्नाला ‘पुन्हा यावेसे कशामुळे वाटले?’ हा दुसरा प्रश्न जोडावा. रोज तोच फलक पाहणाऱ्याची नजर लवकरच त्यावरून घसरू लागते. म्हणून जागेचा करार करतानाच महिन्याने फ्लेक्स बदलण्याचा खर्च त्यात लिहून घ्यावा, आणि नाव व रंग तेच ठेवून पुढच्या फलकाचे वाक्य टाक्यांपाशी शोधायला सुरुवात करावी.