ब्लाइंड्स साफ करण्याचा व्यवसाय सुरू करताय? पट्ट्या पाण्यात बुडवण्याआधी या चुका टाळा

पुण्यात बाणेरला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघराच्या खिडकीला अ‍ॅल्युमिनियमचा, आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड, फोडणीच्या तेलाने पट्ट्या चिकट झालेल्या. आम्ही तो उतरवून नेला, धुतला, वाळवला आणि दुसऱ्या दिवशी लावला. पट्ट्या लख्ख निघाल्या होत्या. काकूंनी दोरी ओढली, तर ब्लाइंडची डावी बाजू चार बोटं वर गेली आणि उजवी खालीच राहिली. "अहो दादा, मळका होता, पण सरळ होता ना," त्या म्हणाल्या.

आमच्या कामाबद्दल इतकं नेमकं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. ग्राहक बोलावतो मळ काढायला, पण पैसे देताना बघतो ते ब्लाइंड पूर्वीसारखा चालतो का. पाच-दहा वर्षं उन्हात तापलेली दोऱ्या, क्लिपा आणि गिअर असलेली एक यंत्रणा आपण खाली उतरवतो आणि ती चालती करून परत टांगतो. धुणं त्यातला सोपा भाग. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण अडकतात ते धुण्याच्या आधी आणि नंतर.

कापड न ओळखता पाणी लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "ब्लाइंड" हा एकच शब्द असला, तरी त्याखाली सात-आठ वेगळ्या वस्तू येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या पाणी सहन करतात. पीव्हीसीच्याही करतात, पण गरम पाण्यात वाकतात आणि एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. लाकडी पट्ट्यांना पाण्यात बुडवायचंच नाही. कोरडा ब्रश, मग घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर आणि लगेच कोरडं फडकं, बस्स. लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्याही बाजारात भरपूर आहेत. ओळखायचं असेल तर पट्टीचं टोक किंवा दोरीचं भोक बघा. खऱ्या लाकडात तिथे रेषा दिसतात, प्लास्टिकचा काप एकसारखा असतो.

नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या रोलर ब्लाइंडमध्ये ब्लॅकआउटचं कापड आलं की हात आवरा. त्याच्या मागच्या बाजूला प्रकाश अडवणारा लेप असतो. जुना झाल्यावर तो घासला किंवा जास्त भिजवला की सुटतो आणि उन्हात धरलं तर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. हे नुकसान भरून येत नाही. ऑफिसातलं जाळीदार सनस्क्रीन कापड ओल्या फडक्याने छान पुसलं जातं, पण घडी घालून गाडीत टाकलं तर कायमची चुणी पडते. ते नेहमी नळीवर गुंडाळूनच न्यायचं. झेब्रा ब्लाइंडमध्ये जाड आणि पारदर्शक पट्टे आलटून-पालटून असतात, त्यातला पारदर्शक पट्टा नाजूक असतो, जोराने चोळलं की धागे सरकतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे असलेल्या ब्लाइंडमध्ये मेलेले किडे अडकतात, ते हवेच्या झोताने बाहेर काढायचे. रोमन ब्लाइंड हा जवळजवळ पडदाच असतो. सुती असेल तर आकसतो, अस्तर वेगळ्या कापडाचं असेल तर एक आकसतं आणि दुसरं नाही. म्हणून त्याच्या काठ्या आणि दोऱ्या काढून ड्रायक्लीनिंगला पाठवलेला बरा.

कुठलंही कापड असो, आधी कोपऱ्यात किंवा खालच्या दांडीच्या मागे रुपयाएवढ्या जागेवर ओलं फडकं लावून बघा, दहा मिनिटं थांबा, मग बोला. आणि ओलं करण्याआधी कोरडी धूळ व्हॅक्यूमने पूर्ण काढा. बांधकामं चाललेल्या भागात धुळीत सिमेंट आणि बारीक रेती असते. तिच्यावर पाणी पडलं की चिखल होतो, आणि तो चिखल कापडात घासण्याचं काम मग आपणच करतो.

उतरवण्याआधी नोंद न करणं

"ही पट्टी आधी वाकलेली नव्हती." हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. कधी ते खरं असेल, कधी नसेल. तुमच्याकडे फोटो नसेल तर दोन्ही वेळा भरपाई तुमचीच.

ब्लाइंडला हात लावण्याआधी तो पूर्ण वर घ्या, पूर्ण खाली सोडा, पट्ट्या दोन्हीकडे फिरवा आणि हे सगळं ग्राहकासमोर करा. वाकलेल्या पट्ट्या मोजा, साखळीचा जोड बघा, तुटकी क्लिप दाखवा, फोटो काढा, कागदावर लिहून सही घ्या. दहा मिनिटं जातात, पण वाद मिटतो. प्रत्येक ब्लाइंडला मास्किंग टेपवर खोली, खिडकी आणि डावी-उजवी बाजू लिहून चिकटवा. एकाच बेडरूममधल्या दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्यांमध्येही अर्ध्या इंचाचा फरक निघतो, आणि चौकटीच्या आत बसणारा ब्लाइंड अर्ध्या इंचाने अडतो. स्क्रू आणि ब्रॅकेट त्या-त्या खिडकीच्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंडचे हूक उन्हाने ठिसूळ होतात, दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर तर हमखास. पट्टी खेचून काढली तर हूक हातात येतो. एखादं जुनं जाड कार्ड, नाहीतर जुनं प्लास्टिकचं ओळखपत्र, हूक आणि पट्टीच्या मधून सरकवा, पट्टी अलगद सुटते. तरीही काही हूक तुटतातच. म्हणून हूक, खालची वजनं, मण्यांची साखळी, दोरी, दोरीच्या टोकाचे गोंडे हे सुटे भाग पहिल्या कामाच्या आधी घाऊक दुकानातून आणून ठेवा. दोन रुपयांच्या हुकासाठी बावधनहून खराडीला दुसरी फेरी मारली की त्या कामातली कमाई पेट्रोलमध्ये जाते.

कडक रसायन आणि क्षारांचं पाणी

तेलकट पट्ट्या बघून हात आपोआप कॉस्टिकवाल्या डीग्रीझरकडे, म्हणजे तेल काढणाऱ्या कडक द्रावणाकडे जातो. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो. रंग निस्तेज होतो, जिथे रंगाचा टवका उडालेला असतो तिथे धातू काळवंडतो. टॉयलेट क्लीनरमधलं आम्लही तितकंच वाईट, आणि ब्लीचने कापडाचा रंग उडतो. भांडी घासायचं सौम्य द्रावण कोमट पाण्यात घालून दहा-पंधरा मिनिटं पट्टीवर राहू द्या. तेल घासून नाही, वेळ दिल्याने सुटतं.

पाण्याकडे फार थोडे लोक बघतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वाळल्यावर गडद पट्ट्यांवर पांढरे ठिपके उमटतात आणि ग्राहकाला वाटतं, धुतलाच नाही. शेवटचा हात आरओच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने फिरवा आणि पट्ट्या आपोआप वाळू न देता पुसून कोरड्या करा.

पहिल्याच महिन्यात मोठं यंत्र घेणं

अल्ट्रासॉनिक टाकीचे व्हिडिओ बघून अनेकांना भुरळ पडते. टाकीत ध्वनिलहरींमुळे बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्या धक्क्याने मळ सुटतो. अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसीच्या पट्ट्यांवर याचं काम खरोखर सुंदर होतं. पण लाकूड, लेप असलेलं कापड, मधमाशी प्रकार आणि मोटरवाला ब्लाइंड यांना त्यात जागा नाही. शिवाय सहा-आठ फुटांची टाकी ठेवायला गाळा लागतो, भरायला पाणी लागतं. तुमच्या भागात नव्या इमारतींमध्ये रोलर आणि झेब्राच जास्त असतील तर ती टाकी रिकामी पडून राहील. आधी पन्नास घरं बघा, कुठला प्रकार किती निघतो ते वहीत लिहा. तोवर चांगला व्हॅक्यूम, मऊ ब्रश, मायक्रोफायबरचा गठ्ठा, मजबूत शिडी आणि जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक यांवर सगळं भागतं.

ओला ब्लाइंड परत टांगणं

गणपतीच्या आधी घराघरांत साफसफाई निघते आणि तेव्हा पाऊस जोरात असतो. ग्राहकाला चतुर्थीच्या आधी ब्लाइंड हवा असतो, कापड हाताला कोरडं लागतं, आपण गुंडाळून टांगून येतो. चार दिवसांनी फोन येतो, कुबट वास सुटलाय. शिवणीत आणि खालच्या दांडीच्या खिशात ओल राहिलेली असते, आणि गुंडाळीच्या आत हवा पोचत नाही. पावसाळ्यात पंखा लावलेली बंद खोली आणि शक्य असेल तर ओल शोषणारं यंत्र हवंच. आम्ही जून ते सप्टेंबर कापडी ब्लाइंडसाठी एक दिवस जास्तच सांगतो. घाई असेल तर जागेवर कोरडी सफाई करून देतो आणि धुणं दसऱ्यानंतर ठेवतो. वास आलाच तर ब्लाइंड पूर्ण उलगडा, दिवसभर पंख्यासमोर सोडा. सुगंधी फवारा मारू नका.

लावल्यावर चालत नाही, तेव्हा

व्हेनेशियन तिरका वर जातो: बाणेरचं प्रकरण हेच होतं. दोऱ्यांची लांबी गोंड्यापाशी कमी-जास्त झाली होती. ब्लाइंड पूर्ण खाली सोडून, खालची दांडी सरळ करून दोऱ्या सारख्या ताणात पुन्हा गाठवायच्या.

वर घेतला तर टिकत नाही, खाली घसरतो: वरच्या चॅनलमधल्या दोरीच्या लॉकमध्ये तेल आणि धूळ बसलेली असते. ब्रशने साफ करून थोडा सिलिकॉन स्प्रे द्या. शिवणयंत्राचं तेल नको, त्यावर महिन्याभरात पुन्हा धूळ जमते. चॅनलमध्ये पाणी राहिलं तर आतली लोखंडी दांडी गंजते, समुद्राजवळच्या घरांत तर लवकरच.

एखादी पट्टी कायमची मुडपली: खिडकीपेक्षा ब्लाइंड लांब असेल तर तळाशी दोन-तीन पट्ट्या नुसत्या एकावर एक बसलेल्या असतात. खालच्या दांडीची बुचं काढा, गाठ सोडा, दोरी वर ओढून घ्या आणि तळातली चांगली पट्टी वर, मुडपलेली खाली. ग्राहक या एका गोष्टीने जितका खूश होतो तितका धुलाईने होत नाही.

व्हर्टिकलची एकच पट्टी उलटी फिरते: साखळीने सगळ्या पट्ट्या एका टोकापर्यंत फिरवा, साखळी तिथेच धरा आणि चुकलेली पट्टी हाताने बाकीच्यांच्या रांगेत आणा. पट्टी धरणारे वरचे भाग, म्हणजे कॅरिअर, बहुतेक यासाठीच घसरू देणारे असतात.

रोलरचं कापड एका बाजूला सरकत जातं: आधी लेव्हल लावून ब्रॅकेट बघा. ते ठीक असतील तर कापड पूर्ण उलगडून, ते ज्या बाजूला सरकतंय त्याच्या विरुद्ध बाजूला नळीवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. स्प्रिंगवाल्या रोलरची स्प्रिंग मात्र शिकल्याशिवाय उघडू नका, ती ताणलेली असते आणि हात फोडते.

चौरस फुटाचा दर

नवे ब्लाइंड चौरस फुटावर विकले जातात, म्हणून सफाईचा दरही लोक तसाच विचारतात आणि आपण तसाच सांगून बसतो. आता हिशेब बघा. चार फूट उंचीच्या ब्लाइंडमध्ये २५ मिलिमीटरच्या पट्ट्या साधारण ५५ ते ६० असतात, दोन्ही बाजू धरल्या तर शंभरावर पुसण्या. त्याच मापात ५० मिलिमीटरच्या पट्ट्या निम्म्याच. चौरस फूट सारखे, मेहनत दुप्पट. त्यात स्वयंपाकघर की बेडरूम, शिडी किती उंच, उतरवायचा की जागेवर, हे सगळं वेगळंच. प्रकारानुसार नगावर दर ठरवा, तेलकटाला वेगळा, उतरवून-लावण्याला वेगळा. फोनवर अंदाज द्या, पक्का आकडा बघितल्यावरच.

कंपनीचं काम घेताना

हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांचं काम मोठं दिसतं, पण ते शनिवार-रविवारी असतं, गेटपास लागतो, पाणी कुठून घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं आणि पैसे उशिरा येतात. आमचं एक बिल सात महिने अडकलं होतं. तेव्हा आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नव्हती. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करारात जास्त मुदत असली तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, दर १८ टक्के. दर सांगताना तो धरून सांगितला की वेगळा, हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा.

शिडीवर चढणाऱ्या कामगारांचा विमा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. तेवढ्यावर थांबू नका, उपचाराचा खर्च देणारी अपघात पॉलिसीही घ्या. स्लायडिंग खिडकी बंद करूनच शिडी लावायची, दुसऱ्याने शिडी धरायची, आणि बाहेरच्या बाजूला वाकून कुणीही काहीही पुसायचं नाही. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी नाही.

प्रत्येक काम घेणं

उन्हाने पिवळं पडलेलं पीव्हीसी पांढरं होत नाही. तो मळ नसतो, प्लास्टिकच बदललेलं असतं. "नव्यासारखं करून देतो" म्हणालात की तुम्ही तिथेच हरलात. कोथरूडच्या एका आजींकडे हॉलभर जुने व्हर्टिकल होते, पिवळे आणि ठिसूळ. मी कडेच्या पट्टीचं टोक बोटांनी दाबून दाखवलं, ते बिस्किटासारखं मोडलं. उतरवले तर निम्मे तुटतील, म्हटलं, जागेवर हलकी धूळ काढून देतो, पण धुवायला नेत नाही. त्यांनी तेवढंच करून घेतलं. सहा महिन्यांनी नवे ब्लाइंड लावल्यावर त्यांचाच फोन आला, वर्षातून दोनदा येऊन पुसून जाल का म्हणून. बरोबर त्यांच्या मजल्यावरच्या आणखी दोन घरांचे नंबरही दिले.